आईला होडी लागत नाही

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत कुणी गाडी घेतली की खाली पेढे वाटतात. आम्ही घेतली तेव्हाही वाटले. लोकांनी पेढे खाल्ले, बोटं चाटली आणि विचारलं, "बाकीचे दोन दरवाजे कधी येणार?" सेक्रेटरींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, छप्पर बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, कापडी आहे हो. मांजरं बसतील." मांजरं त्याच संध्याकाळी बसली. त्या गाडीबद्दल ज्यांनी ज्यांनी जे जे सांगितलं, त्यातलं खरं ठरलेलं हे पहिलं.

दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकते. दोष आईच्या पोटाचा.

आईला गाडी लागते. काही लोकांना घाटात लागते, काहींना पेट्रोलच्या वासाने. आईला गाडी पार्किंगमध्ये उभी असताना लागते. दार बंद झालं, काच वर गेली, की तिच्या तोंडात आंबट पाणी येतं आणि ती माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तिला कोंडून घातलंय. उपाय सगळे झाले. लिंबू हुंगून झालं, आलेपाक चघळून झाला, बुडाखाली वर्तमानपत्र घेऊनही झालं. वर्तमानपत्र नंतर वेगळ्याच कामाला आलं. पूर्वी ती सगळीकडे रिक्षाने जायची, कारण रिक्षाला काचा नसतात. मग तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, रिक्षा आयुष्यभर बंद. आमच्या भागातले रस्ते त्यांनी पाहिलेले असावेत. स्टेशनाचे जिने तिच्या गुडघ्यांनी आधीच बंद केले होते. म्हणजे आई बोरिवलीत पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहणार, आणि बाकीचं जग तिने खिडकीतून बघायचं.

यालाही तिची हरकत नव्हती. भाजीवाला खाली येतो, देव घरात आहे, मालिका संध्याकाळी लागतात. हरकत एकाच गोष्टीची होती. तिची थोरली बहीण चेंबूरला राहते.

ही माझी मावशी. आई तिला बाय म्हणते. मावशीने आईला कडेवर घेऊन वाढवलं, तिची वेणी घातली, तिचं लग्न ठरल्यावर तिला स्वयंपाक शिकवला. तो नीट शिकवला नाही, पण ते असो. दोघी रोज दुपारी फोनवर बोलायच्या. मावशीचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "चेडवा, जेवलंस?" मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. आई सत्तरीपार गेली, बाबा गेले, दात गेले, पण दुपारी तिला कुणीतरी चेडवा म्हणणारं होतं.

मग मावशीची आठवण जायला लागली. आधी गॅस चालू राहायचा, मग नातवंडांची नावं सांडली. एका दुपारी तिने फोन उचलला आणि विचारलं, "कोण बोलता?" आईला वाटलं, मस्करी करतेय. दुसऱ्या दिवशी परत तेच. मावशीच्या सुनेने, म्हणजे माझ्या मावसवहिनीने, व्हिडिओ कॉल लावून दिला. मावशीने फोनमध्ये आईला नीट न्याहाळलं आणि सुनेला विचारलं, "ही बाई खंयच्या सिरियलीत आसा?"

आई त्यावर हसली. फोन ठेवला, आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी पाणी वाया जातंय म्हणून ओरडणार होते, पण नाही ओरडले. बाहेर येऊन म्हणाली, "फोनात नाय वळाखत. समोर गेलंय तर वळाखतली. माका एकदा चेंबूराक ने." मावशीला इकडे आणायचा प्रश्नच नव्हता, तिला उंबऱ्याबाहेर काढलं की ती घाबरी होऊन रडायची. जायला आईनेच पाहिजे होतं, आणि बघू बघू म्हणत नाही, लवकर.

आम्ही आमच्या छोट्या गाडीने एकदा निघालो. जोगेश्वरीच्या पुलाखालून परत आलो. तपशील सांगत नाही. दुसऱ्यांदा टॅक्सी केली, ती पवईपर्यंत टिकली. त्या टॅक्सीवाल्याने मला जे ऐकवलं ते मी आजवर नवऱ्यालासुद्धा ऐकवलेलं नाही.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "माझी वरात होडीतून गेली होती. भरतीची खाडी, होडी नुसती डुचमळत होती. नवऱ्याकडचे चार बाप्ये ओकले. माका काय झाला नाय. होडी माका कधी लागली नाय." मी सहज म्हणाले, "होडीला छप्पर नसतं म्हणून." एवढंच म्हणाले मी. समोर माझा नवरा बसला होता, आणि त्याचा घास हातातच राहिला.

माझ्या नवऱ्याविषयी थोडं सांगायला हवं. सज्जन माणूस. अठ्ठावीस वर्षांत त्याने आवाज चढवला तो फक्त क्रिकेटवर. पण कॉलेजात असताना त्याने कुठल्यातरी रस्त्यावर दोन दरवाजांची, छप्पर उघडणारी गाडी पाहिली होती आणि तिथून तो अजून पूर्णपणे परत आलेला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन शब्द राहायला आले. कम्फर्ट आणि रिलायबिलिटी. "आईंना कम्फर्ट पाहिजे." "सेकंडहँड घ्यायची, पण रिलायबिलिटी बघून." "मिडसाइझ घ्यायची, फार लहान नको." मी म्हटलं, अरे, खिडकी उघडी ठेवून चालणार नाही का? तो म्हणाला, आपण ते करून पाहिलंय. मी म्हटलं, छपरात काचेची खिडकी असते तसली घेऊ. तो म्हणाला, "मग काय आईंनी लहान मुलासारखं वर डोकं काढून उभं राहायचं?" उत्तर तयारच होतं त्याचं. सगळ्याचीच उत्तरं तयार होती. सासूच्या उलटीवर स्वतःचं तारुण्य परत आणणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

अंधेरीला जुन्या गाड्या विकणारा एक एजंट मिळाला. पांढरे बूट, दोन फोन, आणि सगळ्या वाक्यांच्या सुरुवातीला मॅडम. "मॅडम, मक्खन गाडी आहे. सिंगल ओनर. डॉक्टर. फक्त संडेला काढायचे." मुंबईतली सगळी जुनी वाहनं डॉक्टरांची असतात आणि ती फक्त रविवारी निघतात. मग सोमवार ते शनिवार रस्त्यावर जी तुंबलेली असतात ती कुणाची, हे त्याला विचारायचं राहिलं. गाडी पिकल्या जांभळाच्या रंगाची होती. एजंटने बटण दाबलं, छप्पर कुरकुरत वर उठलं, घडी घातली आणि मागे जाऊन निजलं. माझ्या नवऱ्याचा चेहरा पाहून मला आमच्या मुंजीतल्या भाच्याची आठवण झाली.

तपासणी कसून झाली. नवऱ्याने टायरला लाथ मारून पाहिली. हे शास्त्र पुरुषांना कुठे शिकवतात कोण जाणे, पण टायरने काही तक्रार केली नाही आणि गाडी पास झाली. मग त्याने बॉनेट उघडून आत बघत "हं" केलं. मी यार्डातल्या यार्डात चालवून पाहिली. मागची सीट सीट नव्हती, तिथे फार तर एक कोहळा मावला असता. पुढची सीट इतकी खाली होती की बसताना माझा गुडघा कट्टकन वाजला आणि उतरताना मला एजंटच्या पांढऱ्या बुटांचं जवळून दर्शन झालं. पण गुडघे माझे होते आणि गाडी आईसाठी घेत होतो, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

तरी मी म्हटलं, आईला एकदा बसवून बघू. गाडी आणू खाली, पाच मिनिटं बसेल, घेणं न घेणं मग ठरवू. साधी गोष्ट. चप्पल घेताना माणूस पाय घालून बघतो.

आई म्हणाली, "पूजेआधी नव्या वाहनात बसायचं नाही."

"अगं, नवं कुठे आहे? सेकंडहँड आहे. त्यात आधीच शंभर माणसं बसून गेलीत."

"ती त्यांची गाडी होती. आपली अजून व्हायचीय. पूजा झाली की होईल."

"आणि पूजा कधी?"

"घेतल्यावर."

म्हणजे घेतल्याशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय बसणं नाही. यावर वकील लावूनही काही झालं नसतं. त्यातून तिने गावच्या गुरवाला फोन केला. त्याने देवाला कौल लावला, पाकळ्या उजवीकडून पडल्या, देवाने हो म्हटलं. देवाला छपराबद्दल विचारलं होतं, चाकांबद्दल विचारलं होतं, जांभळा रंग चालेल का तेही विचारलं होतं. सीटच्या उंचीबद्दल कुणी विचारलं नाही, आणि देव विचारल्याशिवाय बोलत नाही. आम्ही जुनी गाडी दिली आणि ही घेतली.

पूजेचा मुहूर्त रविवारचा निघाला. आदल्या दिवशी मी आतून गाडी पुसायला घेतली. सीटच्या फटीत बोट घातलं आणि बाहेर आल्या अक्षता. आधी पिवळ्या. मग लाल. मग झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, चमकी, एक सेफ्टी पिन, आणि मुंडावळ्यांचे मणी. पांढरे मणी, सोनेरी मणी, आणि एक प्लास्टिकचा गुलाबी. मी ते सगळं ताटलीत घालून नवऱ्यापुढे ठेवलं.

त्याने गुलाबी मणी उचलून पाहिला. "डॉक्टरांचं लग्न झालं असेल गाडीत."

"किती वेळा?"

त्याने एजंटला फोन लावला. एजंट आता मला मॅडम म्हणेना, नवऱ्याला बॉस म्हणायला लागला. "बॉस, डॉक्टर होते ना, पण त्यांच्या मेव्हण्याचा वरातीचा बिझनेस होता. टेन्शन नको, शुभ गाडी आहे." म्हणजे आमची मक्खन गाडी गेली काही वर्षं नवरदेव वाहत होती. पहिल्या गियरमध्ये, बँडच्या मागे, गल्लीगल्लीतून, माणसाच्या चालीने. मी म्हटलं, झाली ना रिलायबिलिटी? आता वाट लागली. आईने मात्र ताटलीतल्या अक्षता बघून हात जोडले. "शुभकार्याचीच आसा ना? कोणाच्या मयताक तर नाय वापरल्यानी?" तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

रविवारी सकाळी पूजा झाली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, टायरखाली लिंबं, पुढच्या जाळीला झेंडूचा हा एवढा जाड हार. आई ठेवणीतली मोतिया रेशमी साडी नेसून खाली आली होती. बाबा गेल्यापासून ती साडी कपाटात होती. केसात अबोलीचा छोटासा वळेसरही होता. बहिणीला भेटायला कसं जावं हे तिला ठाऊक.

नारळ फुटला, प्रसाद झाला, आणि आई पहिल्यांदा गाडीत बसली. बसली म्हणजे तिने पाठ वळवली, अंग सैल सोडलं आणि ती दिसेनाशी झाली. वाकून पाहिलं तर आत खाली, पाय पुढे लांब करून, समाधानाने बसलेली होती.

"कशी वाटते?"

"बरी आसा. आरामखुर्ची." मग तिला आठवलं, "अगो, चष्मा वर राहिला. थांब, घेऊन येते." आणि तिने उठायला हात टेकले.

हात टेकले, जोर लावला, "अरे देवा" म्हणाली आणि होती तिथेच राहिली. नवऱ्याने एक हात धरला, मी एक. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला ओढता येत नाही. ढकलायला मागून जागा नाही. सेक्रेटरी वरून बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर मांजरांच्या वेळचंच समाधान होतं. शेवटी आईच म्हणाली, "राहू दे. जावईबापू, चष्मा तेवढा आणून द्या. चेंबूरला पोचल्यावर बघू." नवरा चष्मा आणायला गेला. मागच्या सीटवर तो मावणार नव्हता, म्हणून तो येणारही नव्हता. त्याच्या स्वप्नातल्या गाडीची पहिली सफर त्याने फाटकापाशी उभं राहून पाहिली, आणि त्याबद्दल मला तेव्हा अजिबात वाईट वाटलं नाही.

मी चावी फिरवली, छपराचं बटण दाबलं. छप्पर मागे जाऊन निजलं आणि त्याबरोबर गाडी गायला लागली. स्पीकरमधून ढोल, क्लॅरिनेट, आणि कुणीतरी बेंबीच्या देठापासून "हे हे हे". आदल्या दिवशी पुसताना माझाच हात कशाला तरी लागला असावा. बंद करायला गेले तर बटण तुटलेलं. आत कुठेतरी मेव्हण्याचा पेनड्राइव्ह अडकलेला होता तो निघेना. आवाज कमी करता येत होता, बंद करता येत नव्हता, आणि इंजिन बंद पडून परत चालू केलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण जोरात. वरातीच्या गाडीला मुकी राहायची सवयच नसावी.

हायवेला लागल्यावर आईने छत्री उघडली. ऊन लागतंय म्हणाली. ज्या छपरासाठी जावयाने एवढा खटाटोप केला ते मागे घडी घालून पडलं होतं आणि आई काळी छत्री धरून बसली होती. गाडीने जरा वेग घेतला की तिला थंडी वाजल्यासारखं कापरं भरायचं. गाडीला, आईला नाही. आई मजेत होती. दिंडोशी गेली, जोगेश्वरीचा पूल गेला, जिथून आम्ही परत फिरलो होतो तो. मी तिरक्या नजरेने तिच्याकडे बघत होते. ना लिंबू, ना आलेपाक. पवईला तळ्याचा वारा आला तेव्हा तिने छत्री मिटली आणि तोंड वर करून डोळे मिटून घेतले. "खाडीसारखा वास येता," म्हणाली. तळ्याला खरं म्हणजे शेवाळाचा वास येत होता. पण मला एकदम फार बरं वाटलं. नवऱ्याला फोन करून सांगावंसं वाटलं, पण तो डोक्यावर बसला असता म्हणून नाही केला.

घाटकोपरच्या सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने हार पाहिला, गाणं ऐकलं, आईची साडी पाहिली. "माँजी, दूल्हा किधर है?"

"आगे गया," आई म्हणाली आणि मिटल्या छत्रीने पुढचा रस्ता दाखवला.

रिक्षावाला खोखो हसला, मीही हसले. सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर माझ्या डोक्यात उजेड पडला की ती बाबांबद्दल बोलली. मग मी सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

चेंबूरला मावशीच्या गल्लीत शिरलो आणि स्कूटरींच्या गर्दीत गाडी बंद पडली. चावी फिरवल्याबरोबर चालू झाली, आणि गाणंही, हे हे हे, पूर्ण जोरात. आणि काय सांगू, त्या गल्लीत माणसाच्या चालीने जाताना ती गाडी अशी लोण्यासारखी चालली की तेव्हा मला कळलं, एजंट अगदीच खोटं बोलला नव्हता. कापरं नाही, कुरकुर नाही. खिडक्या उघडल्या, लोक बाहेर आले, एक आजोबा तर टाळ्या वाजवायला लागले. मान खाली घालून गाडी चालवायची सोय असती तर मी घातली असती.

मावशी तळमजल्यावर राहते. पुढे जाळीची गॅलरी आहे, तिथे ती खुर्चीत बसलेली दिसली. मी गाडी दारापुढे लावली, इंजिन बंद केलं. गाणं थांबलं. आईने चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि हाक मारली, "बाय..."

मावशीने बघितलं. हाराकडे, गाडीकडे, आईकडे. चेहऱ्यावर काही नाही. मग ती उठली आणि आत निघून गेली.

आईने उठायला परत हात टेकले, परत तेच. मी दार उघडून तिच्या काखेत हात घातले, "एक, दोन" म्हटलं, ती इंचभर उठली आणि खाली आली. मला इतका राग आला. गाडीचा, एजंटचा, पांढऱ्या बुटांचा, देवाच्या पाकळ्यांचा. एवढं करून बहिणीच्या दारात येऊन हिला खालीच उतरता येऊ नये, आणि जिच्यासाठी आलो ती पाठ फिरवून आत. "रडू नकोस गं," आई मला म्हणाली. ती रडत नव्हती, मीच रडत होते.

तेवढ्यात आतून मावसवहिनीचा घाबरा आवाज आला, "अहो आई, कुठे चाललात? थांबा ना." आणि मावशी दारात आली. कित्येक महिन्यांत तिने उंबरा ओलांडला नव्हता. आता एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ब्रेडचा तुकडा. एक एक पाय टेकत दोन पायऱ्या उतरली आणि गाडीपाशी येऊन मला म्हणाली, "बाजूक हो." मी झाले.

तिने ब्रेडचा तुकडा आईवरून ओवाळला, तीनदा, आणि लांब भिरकावला. भाकरी घरात नव्हती, म्हणून ब्रेड. मग तांब्यातलं पाणी पुढच्या चाकावर ओतलं. नव्या नवरीची दृष्ट काढतात तशी. वरात आली होती ना. हार होता, वाजंत्री वाजली होती, उघड्या गाडीत रेशमी साडी नेसून नवरी बसली होती. हा मान सासरच्या बायकांचा, बहिणीचा नव्हे, पण मावशीच्या डोक्यात सगळी लग्नं एका ठिकाणी जमा झाली होती.

"किती उशीर केलंस गे," ती आईला म्हणाली. "आता नाव घेतल्याबिगर उतराचा नाय."

मावसवहिनी पुढे होणार होती, मी तिचा हात धरला. बाबा गेल्यापासून आईने त्यांचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. बँकेतल्या माणसाने विचारलं तरी ती माझ्याकडे बघते आणि मी सांगते. गल्ली अख्खी उभी होती. आईने मांडीवर हात जोडले, खाली बघितलं आणि लहान मुलीने पाठ केलेलं म्हणावं तशी म्हणाली,

"होडीत ठेवला पाय, खाडी आली भरून..."

आणि थांबली. पुढचं आठवेना. ओठ हलले, परत म्हणाली, "खाडी आली भरून," आणि परत अडली. मग नुसतं बाबांचं नाव घेतलं, पुढे राव लावून, हळू. बाबा गेल्यानंतर मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. पण उखाणा अर्धाच राहिला आणि ती मावशीकडे बघत राहिली.

मावशीने तांब्या बॉनेटवर ठेवला, स्वस्तिकाच्या बरोब्बर मधे.

"...रावांचं नाव घेते, बायचा हात धरून," ती म्हणाली. "इतक्यांदा शिकवलंय तुका. आयत्या वेळाक विसारतंस. उठ गे चेडवा."

आणि तिने हात पुढे केला. काडीसारखा हात. मी पुढे झाले, कारण त्या हाताने ताटलीसुद्धा उचलवत नाही असं मावसवहिनी सांगायची. पण आईने तो धरला, आणि कशी ते मला विचारू नका, ती उठली. सीटमधून वर आली, दारातून बाहेर आली आणि बहिणीसमोर सरळ उभी राहिली. दोघी तशाच उभ्या होत्या, हात धरून. आईचा चष्मा घसरला होता, तो मावशीने वर केला.

मग मावशीने माझ्याकडे बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, आणि पांढऱ्या केसांवर जरा जास्त वेळ.

"आणि ही करवली कोण गे?" तिने आईला विचारलं. "इतकी म्हातारी करवली कोणी हाडली?"

आईने हात सोडला नाही. माझ्याकडे वळून न बघता म्हणाली, "असांदे गे म्हातारी, बाय. गाडी बरी चलयता."